आईच्या कानातला आवाज

लातूर जिल्हा झाला आणि आमचं घर दोन जागी वाटलं गेलं. आबा, म्हणजे माझे वडील, आजीबरोबर नांदेडला गिरणीत राहिले आणि आई, मी, म्हणजे मित्रा, आणि धाकटा भाऊ राहुल लातूरला आलो. आई टेलिफोन ऑपरेटर होती. नव्या जिल्ह्याला कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, साहेबलोक आले. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायचं होतं आणि ते बोलणं जोडून द्यायला माणसं लागणार होती. त्यासाठी ज्यांच्या बदल्या निघाल्या त्यांत आईचं नाव होतं. तेव्हा आमच्या नांदेडच्या वस्तीत कुणाच्या घरी फोन नव्हता. बहुतेकांनी तो हातातही धरला नव्हता. त्यामुळे आई 'बोर्डावर' बसते म्हणजे नेमकं काय करते हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तिला अभिमान फार. "आमची सून समद्या जिल्ह्याचं बोलणं ऐकती," असं ती नळावर सांगायची.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आम्हाला एक खोली मिळाली. पुढे पत्र्याची पडवी होती. घरमालक मुसलमान होते, पिढ्यान् पिढ्या लातूरचे. चाचा गाद्या भरायचे. सकाळपासून त्यांच्या पिंजणीचा तुंई तुंई आवाज भिंतीतून आमच्याकडे यायचा आणि कापसाचे तंतू आमच्या भाकरीवर येऊन बसायचे. कुलसुमखाला, म्हणजे चाचांची बायको, अंगानं दांडगी आणि आवाजानं त्याहून दांडगी. तिनं पहिल्या दिवशी आडनाव विचारलं नाही, जात विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "पानी के घडे कित्ते हैं तुम्हारे पास?" कारण ते दुष्काळाचं साल होतं. नळाला पाणी येणं म्हणजे सणासारखं झालं होतं. टँकरचा हॉर्न वाजला की सगळी गल्ली भांडी घेऊन धावायची. कळशा, बादल्या, डबे, लहान पोरांच्या हातात तांबेसुद्धा. धातूवर धातू आपटल्याचा तो आवाज आठवला की आजही माझे दात शिवशिवतात.

सुरुवातीचे महिने आई मजेत होती. ड्युटीवरून आली की आम्हाला समोर बसवून बोर्डाच्या गोष्टी सांगायची. कानाला हेडफोन कसा लावतात, दिवा लागला की दोरी कुठे खुपसायची, एखादा साहेब कसा खेकसतो, एखादी सासू जावयाशी बोलताना पदर कसा सावरत असेल. ती त्यांची नक्कल करायची आणि राहुल लोळून हसायचा. हात मात्र चालूच असायचे. धपाट्याचं पीठ मळता मळता ती बोलायची. कांदा, तीळ, ओवा घातलेलं ते पीठ ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलं की खमंग वास पडवीपर्यंत जायचा, मग कुलसुमखाला दारात यायची आणि म्हणायची, "शांताबाई, मेरा एक." संध्याकाळी आम्ही बुद्धवंदना म्हणायचो. आईचा गळा गोड होता. तिनं ती लहानपणी तिच्या वडिलांच्या मांडीवर बसून पाठ केली होती.

पहिल्यांदा मला काहीतरी खटकलं ते वंदनेतच. आई मधेच थांबली. पुढची ओळ तिला येईना. राहुलनं ती म्हटली आणि आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हे कोण बोललं तिला कळलं नव्हतं. मग तिनं पुढचं भराभर म्हणून टाकलं. मी तेव्हा सातवीत होते.  

त्यानंतर मी आईवर लक्ष ठेवायला लागले. मागून हाक मारली की ती दचकायची आणि "बोला, नंबर?" म्हणायची. आम्ही आधी हसलो. एकदा राहुलनं गंमत म्हणून, "दोनशे चार!" असं ओरडून सांगितलं, तर तिचा हात खरंच हवेत उचलला गेला, बोटं काहीतरी शोधू लागली. मग कोणी हसलं नाही. उजवा कान ती सारखी चोळायची. चोळून चोळून कानाच्या मागची कातडी सोलली होती. वरणात कधी मीठ नसायचं, कधी दुप्पट असायचं, आणि आम्ही तोंड वाकडं केलं तरी तिला समजायचं नाही, कारण तिच्या ताटातलं वरण तसंच असायचं. घराला कुलूप लावून आम्ही गल्लीच्या तोंडाशी गेलो की ती परत फिरायची. स्टोव्ह बंद केला का? केलेला असायचा. पुन्हा निघालो की पुन्हा परत. दुपारी झोपली की दात खायची. बारीक खडे जात्यात सापडल्यासारखा तो आवाज. पडवीत अभ्यास करता करता मी कानावर हात ठेवायची.

एके दिवशी ती माझ्या वेण्या घालत होती. डावी वेणी झाली, रिबन बांधून झाली. मग ती उठली, चपला घातल्या आणि ड्युटीला निघून गेली. उजव्या बाजूचे केस माझ्या खांद्यावर तसेच मोकळे. मी दारात उभी राहून ती वळेल म्हणून वाट बघत राहिले. ती स्टोव्ह बघायला परत यायची तशी आजही येईल असं मला वाटत होतं. त्या दिवशी ती मागे फिरली नाही.

आज माझी नात परीक्षा आली की, "आजी, मला स्ट्रेस आलाय," असं जेवता जेवता सांगून मोकळी होते. आम्ही तिला गरम दूध देतो, तिची आई शेजारी बसते. शब्द हाताशी असला की माणसं जवळ येतात. माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हता. मी आईला विचारलं, "आई, तुला बरं नाही का?" तर ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि लगेच दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाली, "हे बघ मित्रा, बाहेर कुठं बोलू नको. बोर्डावर आपल्यातली मी एकटीच हाय. उद्या म्हणतील, बघा, झेपलं न्हाई. मग तुझ्या पाठच्या पोरींना कोण बसवंल तिथं?" तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. तिला तो रुतलेला हात दिसत नव्हता.

आबा दर पंधरा दिवसांनी नांदेडहून यायचे. येताना आजीनं दिलेली शेंगांची चटणी आणि आमटीत घालायचं येसर आणायचे. मी त्यांना पडवीत गाठलं आणि एकेक सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, पण टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "लई काम पडून राहिलंय तिला. दुष्काळ हाय पोरी, समदे टँकरपायी फोन करून राहिलेत. पाऊस पडला की होईल नीट." रात्रपाळी आणि उन्हाळा. त्यांच्या हिशेबात एवढंच होतं. कुलसुमखालाला वाटलं नजर लागली. तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि ठसका लागला तो आम्हालाच. शाळेतल्या बाईंना वाटलं मीच आजारी आहे, कारण मी फळ्याकडे बघत नव्हते. प्रत्येकाजवळ एक कारण होतं, आणि ते ऐकून प्रत्येकाचं समाधान होत होतं.

मग तो दिवस आला. आईची सकाळची ड्युटी होती. दुपारी मी शाळेतून आले तर दाराला कुलूप, आणि राहुल कुलसुमखालाच्या पायरीवर बसून कापसाच्या गोळ्या करत होता. वाट पाहिली. ऊन पडवीतून सरकून भिंतीवर चढलं तरी आई आली नाही. मी धावत टेलिफोन ऑफिसला गेले. फाटकावरच्या शिपायाला आईचं नाव सांगितलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "त्या तर कवाच गेल्या. सुट्टीच्या आदीच उठून गेल्या. हेडफोन टेबलावर ठेवला अन् गेल्या. कुनाला काय बोलल्या न्हाईत."

मी घरी कशी आले आठवत नाही. कुलसुमखाला पातेलं घासत होती. मी सांगितलं तशी तिनं राखेचे हात तसेच झटकले, बुरखा अंगावर ओढला आणि म्हणाली, "चल बेटा." राहुलला चाचांजवळ ठेवून आम्ही निघालो. मला वाटलं ती बाजारात बघेल, दवाखान्यात बघेल. ती मशिदीच्या मागच्या रस्त्याला लागली. तिकडे दुकानं नव्हती, घरंही फारशी नव्हती. तिकडे एक जुनी विहीर होती.  आणि मग मला समजलं ती मला कुठे नेत होती ते. मी जागच्या जागी थांबले. खालानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "तू उधरीच ठैर."

पण मी तिच्या मागे गेले. मी कठड्यावरून आत पाहिलं. तळाला पाणी नव्हतं. भेगा पडलेला चिखल, एक तुटकी बादली, कुणाची तरी जुनी चप्पल. चप्पल आईची नव्हती. त्या सबंध वर्षात कोरडी विहीर बघून मला एकदाच बरं वाटलं असेल तर ते तेव्हा. पाणी नाही म्हणजे आई बुडणार नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला होता. कोरड्या विहिरीत उडी घेतली तरी माणूस वाचत नाही, हे नंतर केव्हातरी सुचलं. तेव्हा मी मोठी झाले होते, मला स्वतःची मुलं होती, तरी मी स्वयंपाकघरात मटकन खाली बसले.

आई सापडली बसस्टँडवर. ती फलाटाच्या कडेच्या बाकावर बसली होती. पदर नीट, पिशवी मांडीवर, चपला पायात. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाई बसची वाट बघतेय. उजवा हात मात्र कानावर होता. समोर एक गाडी सुटत होती, कंडक्टर, "रेणापूर, रेणापूर," असं ओरडत होता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तरी तिला मी दिसले नाही. मग दिसले.

"मित्रा," ती म्हणाली, "पाट्या वाचता येईनात गं."

"कुठं चालली होतीस तू?"

"नांदेडला. आबाकडं. पण कोणती गाडी ते कळंना. अक्षरं दिसतात, पण..." तिनं बोटानं हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं. "लागत न्हाईत."

मी रडायला लागले. माझी आई, जी सगळ्या जिल्ह्याचे नंबर तोंडपाठ सांगायची, तिला मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'नांदेड' वाचता येत नव्हतं. खाला तिच्या शेजारी बसली. तिनं आईचा कानावरचा हात अलगद काढून स्वतःच्या मांडीवर घेतला. राखेनं आईचा हात काळा झाला. "नक्को रोना," ती मला म्हणाली, आणि आईला म्हणाली, "शांताबाई, घर चलते. बस कल भी जाती."

चाचांनी ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर नांदेडला निरोप धाडला आणि आबा दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे होते, गिरणीच्या कपड्यांतच. आम्ही आईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आईची छाती तपासली, डोळे पाहिले, रक्तदाब घेतला. मग आबांना विचारलं, हे कधीपासून? आबा माझ्याकडे बघायला लागले. बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग. काय काय बघितलंस?"

मी सांगत गेले. वंदना, मीठ, कान, कुलूप, दात, वेणी. मधे कुणी मला थांबवलं नाही. मला आठवतं, सांगताना मी आईकडे चोरून बघत होते, कारण ती समोर बसली होती आणि बाहेर बोलू नको असं तिनं मला बजावलं होतं. पण आई माझ्याकडे रागानं बघत नव्हती. दुसऱ्याच कुणाची हकीकत ऐकावी तशी ती ऐकत होती.

बाईंनी खुर्ची आईच्या जवळ ओढली. "शांताबाई, जीव द्यावासा वाटतो का?"

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं, हे असं विचारतात? शब्द उच्चारला तर ते खरंच होऊन बसेल. आईनं मान हलवली. मग म्हणाली, "न्हाई. झोपावं वाटतं. तो आवाज बंद व्हावा वाटतं."

"कुणाचा आवाज?"

तेव्हा ते बाहेर आलं. वंदना अडखळली त्याच्या आदल्या दिवशीचं. चाकूरच्या बाजूच्या एका गावातून, तिथल्या पोस्टातून एक माणूस बोलत होता. गावात टँकरचं पाणी पिऊन हगवण-उलट्यांची साथ आली होती. त्याची लेक दोन दिवस पडून होती, डोळे फिरवत होती. त्याला दवाखान्यातून गाडी हवी होती. आई दवाखान्याचा नंबर लावत होती आणि तो लागत नव्हता. लाइनीत खरखर होती. "ताई, माझी लेक चालली," असं तो म्हणत होता, आणि आई, "थांबा, मी लावते, बोलत ऱ्हावा," असं म्हणत होती. मग खरखरही थांबली. लाइन गेली. तिनं दिवसभर परत परत लावून पाहिलं. लागली नाही. "समोर दुसरे दिवे लागतच होते," आई म्हणाली. "साहेबांचे, व्यापाऱ्यांचे. मी जोडत होते. बोला, नंबर. बोला, नंबर. ती पोर मेली असंल अन् मी बोला, नंबर म्हणून राहिले."

बाईंनी तिला रडू दिलं असतं, पण आई रडली नाही. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. बाई आबांना म्हणाल्या, "मनावर ताण बसलाय यांच्या. फार दिवसांचा."

आबांनी विचारलं, "पिकाला बसतो तसा?"

"तसाच."

आबा हिमायतनगरकडच्या शेतकरी घरातले. ज्वारीला पाण्याचा ताण बसला की दुपारी पान सुरळी होतं, हे त्यांनी मला बांधावर उभं करून दाखवलं होतं. सकाळी पान उलगडलं तर पीक अजून हाती आहे. सकाळीही सुरळीच राहिलं तर काळजी करायची. ते तिथे डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी उभे राहून आईकडे बघत होते. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "मायला, मला शेतातलं समदं दिसतं."

झोपेच्या गोळ्या दिल्या, रजेचा कागद दिला आणि बाईंनी बजावलं की हिला एकटीला ठेवायचं नाही. आबांनी आम्हाला नांदेडला नेलं. तिथे पहिले काही दिवस मी शाळेलाही गेले नाही. आई उठली की मी उठायची, ती मागच्या अंगणात गेली की दारात जाऊन उभी राहायची. ती गोदावरीकडे जायचं म्हणाली की मी तिच्याआधी चपला घालायची. माझी भीती आईच्या आजारापेक्षा हट्टी निघाली. आईला हळूहळू झोप यायला लागली, आजीच्या हातची आमटी ती मागून घ्यायला लागली, पण मी रात्री उठून तिचा श्वास ऐकत राहायची.

रजा संपत आली तेव्हा आईनं एक दिवस भाकरी थापता थापता सांगितलं, "लातूरला जाईन. पण आधी त्या गावाला जायचंय." आबा म्हणाले, नको. काय ऐकायला मिळेल कुणी सांगावं? आजी म्हणाली, नको. आई म्हणाली, "न ऐकता काय झालं, बघितलं न्हवं तुमी?"  लातूरला येऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, पण सोबत जा.

आम्ही तिघं गेलो, आई, आबा आणि मी. चाकूरहून पुढे एक टेम्पो मिळाला. गावात शिरताना सगळं उजाड, झाडाखाली जनावरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. पोस्टात आबांनी विचारलं, तो फोन कुणी केला होता? पोस्टमास्तरनं एका मुलाला आमच्याबरोबर धाडलं. त्यानं एका दगडी घरासमोर उभं केलं. दार उघडं होतं, आत अंधार. मी आईचा हात धरला होता. मला आत जायचं नव्हतं. मला पळून जायचं होतं.

आतून कुणीतरी विचारलं, "कोन हाय?"

आईचा हात माझ्या हातात गच्च आवळला गेला. "हाच," ती म्हणाली. "हाच तो आवाज."

माणूस बाहेर आला. चाळिशीतला, खुरटी दाढी. आबांनी आम्ही कोण ते सांगितलं. त्याला आधी समजेना. टेलिफोनवाली बाई त्याच्या दारात कशाला येईल? मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ताई, तुमीच व्हय? लाइन गेली तवा मी लई शिव्या दिल्या. मग बैलगाडी जुंपली. वाटंत एक जीपवाला भेटला, त्यानं पोरीला दवाखान्यात पोचवलं." तो थांबला. "माय गेली माझी. त्याच आठवड्यात. तिला न्यायला टाइमच मिळाला न्हाई." मग तो आत वळून ओरडला, "ए पोरी, भायेर ये गं."

एक काटकुळी पोर दारात आली. आठ-नऊ वर्षांची, मोठ्या माणसाचा सदरा घातलेली, एका हातात पाण्याचा तांब्या. ती आमच्याकडे बघत राहिली. आई ओट्यावर बसली.

"तुझं नाव काय गं?" तिनं विचारलं.

"अनुसया."

"अनुसया," आई म्हणाली. "मला नावसुद्धा ठावं नव्हतं."

आणि मग आई रडायला लागली. लातूरला आल्यापासून ती रडली नव्हती, दवाखान्यात नाही, आजीच्या कुशीत नाही. आता ती मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता, परक्या ओट्यावर बसून रडत होती. तो माणूस गांगरून गेला, आबा पुढे झाले. पोरीनं तांब्या खाली ठेवला आणि ती बापाच्या धोतराआड गेली. मी आईला बिलगून बसले. तिची पाठ माझ्या हाताखाली हलत होती, आणि मला भीती वाटत नव्हती.